एका चुलीला एक

…आणि वर म्हणे, मी गल्लीतली घरं फोडली! मी! जिला बरणीचं झाकण उघडायला नवऱ्याला हाक मारावी लागते, ती घरं फोडणार? आणि तीही एका आठवड्यात तीन-तीन? अहो, मी पाणी विकत होते, पाणी! तेही छापील किमतीला, एक पैसा वर न लावता. त्याचं हे फळ!

बसा, सांगते. माझ्याच तोंडून ऐका, कारण गल्लीच्या वरच्या टोकाला विचारलंत तर एक ऐकाल आणि खालच्या टोकाला विचारलंत तर भलतंच.

तर सोमवारी पहाटे पूल गेला. गेला म्हणजे काय, रविवारी होता, सोमवारी नव्हता. गावाच्या पाण्याची मोठी नळी त्याच पुलावरून यायची, तीही गेली, तिला एकटीला मागे राहून काय करायचं होतं? नळ उघडला तर आधी खोकला, मग चिखलाची एक चूळ, मग शांत. सात वाजता नगरपालिकेचा माणूस भोंगा घेऊन आला. "नळाचं पिऊ नये! विहिरीचं पिऊ नये! उकळूनसुद्धा पिऊ नये!" का, तर वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्यातली पिंपं पुराबरोबर वाहून आली होती. "शुक्रवारी टँकर येईल!" एकीने गच्चीवरून विचारलं, "अहो, मग शुक्रवारपर्यंत प्यायचं काय?" तर त्याने भोंगा खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाला, "ते मला सांगितलेलं नाही."

आमचं दुकान गल्लीच्या मधोमध. चढाची गल्ली, पायऱ्यापायऱ्यांची. दुकानात किराणा, आणि दाराशी पाण्याचे निळे जार, वीस-वीस लिटरचे. शनिवारीच गाडी येऊन गेली होती. त्रेचाळीस जार! आता गावावर पाण्याचं संकट आलंय आणि त्रेचाळीस जार तुमच्या दाराशी उभे आहेत, म्हटल्यावर तुम्ही काय कराल? भाव वाढवाल? तेच सांगत होते ना मला आमचे भावोजी!

हे माझे धाकटे दीर. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. दोन दिवसांसाठी आले होते, पूल गेला आणि अडकले. पण चेहरा काय खुलला होता त्यांचा! इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं सगळं पहिल्यांदाच दारासमोर घडत होतं ना. "वहिनी," चहाचा कप हातात, "भाव वाढवा. मागणी चढली, पुरवठा आटला, आता भाव चढलाच पाहिजे. भाव चढला की लोक जपून वापरतात. आणि मुख्य म्हणजे, चढलेला भाव बघून बाहेरचा पुरवठा धावत येतो!"

मी म्हटलं, "भावोजी, पूल नाही. तो धावत येणार, का पोहत?"

"तत्त्व सांगतोय मी, वहिनी."

"तत्त्व प्या मग. भाव तोच."

भाव तोच! आमचे हे गल्ल्यावर बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. शनिवारचं होतं. पण घातलं.

सव्वासातला पहिलं गिऱ्हाईक आलं. बाकी सगळी गल्ली पूल बघायला गेली होती. नसलेला पूल बघायला! तासभर उभं राहून माणसं, "इथे होता बघ", "नाही नाही, थोडा अलीकडे होता." एक तेवढा गेला नव्हता. ठेकेदार. इमारतींचे ठेके घेतो, गल्लीच्या खालच्या कोपऱ्यावर राहतो. "वहिनी, बारा द्या." मला काय वाटलं, याच्या कामावर माणसं आहेत, त्यांना नेत असेल. मनात म्हटलं, बघा, लोक वाईट बोलतात याच्याबद्दल, पण कामगारांची किती काळजी! दिले बारा. हातगाडीवर चढवायला वर हातही लावला. हसू नका. सरळ माणसाला वाकडं दिसायला वेळ लागतो.

अर्ध्या तासाने मावशी दिसल्या. गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला एक बाळंतीण आहे, पाच दिवसांचं बाळ, तिची ही आई. लेकीला ताप, अंगावर दूध नाही, बाळ वरच्या दुधावर, म्हणजे पावडर, गरम पाणी, बाटल्या उकळा, बाटल्या धुवा. साठीच्या मावशी वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होत्या. आणि माझ्या दुकानासमोर… निसटला हो! एक पायरी, दोन पायऱ्या, तिसरीवर फुटला. पाणी खळखळत खाली. मी धावले. "राहू द्या मावशी, रडताय काय एवढ्याशाला, दुसरा देते."

तर त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे आहेत?"

"म्हणजे?"

"खालून येताना कोपऱ्यावर तो म्हणाला, दुकानातले संपले. तिप्पट घेतले गं त्याने."

तिप्पट! माझाच जार! मीच हात लावून चढवलेला!

भावोजी मागे उभे होते. हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही भाव वाढवला असता तर त्याने बारा उचलले नसते." आणि तुम्हाला सांगते, त्यात तथ्य होतं. मी नाकारत नाही. रात्रभर डोक्यात होतं ते माझ्या. पण भाव वाढवला असता तर मावशींनीही उचलला नसता, त्याचं काय? एवढंच त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या थोडा बाहेर आहे."

मग मी ठरवलं. भाव वाढणार नाही म्हणजे नाही, पण एकाला बाराही मिळणार नाहीत. मावशींना त्यांचा जार दिला, तो आमच्या ह्यांनी वर नेऊन पोचवला, आणि खडू घेऊन दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भाव तोच. एका चुलीला एक.

चुलीला का? घराला का नाही? तिथेच चुकलं. पण मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता त्या शब्दाचा! माझी आई सांगायची, वाटायची वेळ आली की माणसं मोजू नयेत. माणसं मोजलीस तर पाहुणे निघतात, घरं मोजलीस तर भाडेकरू निघतात. चुली मोजाव्यात, चूल काही एका दिवसात वाढत नाही. आईच्या वेळी नसेल वाढत!

ठेकेदाराचं घर सोडून गल्लीत तीस चुली. माझ्याकडे एकतीस जार. सोमवारी दुपारपर्यंत तीस गेले, आमचा धरून. सगळे शहाण्यासारखे रांगेत, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून", "देवासारख्या उभ्या राहिलात." मी आपली फुगतेय. आणि दाराशी उरला एक. एकच! एकतिसावा!

आता बघा, काहीच उरलं नसतं तर सगळे गप्प बसले असते. संपलं की माणूस निमूट होतो. पण एक उरला की…! मंगळवारी सकाळी दार उघडलं तर रांग.

पहिले दोघे भाऊ. वायरमन आहेत दोघंही, बायका, पोरं, सगळे एकत्र. थोरला म्हणाला, "वहिनी, आमच्या चुली दोन झाल्या." मी म्हटलं, "कधी?" "काल संध्याकाळी." "शेगडी तर एकच आहे तुमच्याकडे." "हो, पण डावा बर्नर माझा, उजवा ह्याचा." आणि मागून दोघांच्या बायका माना डोलवतायत!

त्यांच्यामागे पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, आजींबरोबर. "आम्ही वेगळे झालो." "अहो, कधी?" "मघाशी." आजी म्हणतात, "चाळीस वर्षं काढली, पुष्कळ झालं." आणि एकमेकांचा हात धरून उभे!

त्यांच्यामागे एकटा राहणारा कारकून. एकटा हो, सडाफटिंग! "माझ्या दोन चुली आहेत. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी."

अहो, मी पाणी विकत होते, पाणी! कोर्ट उघडून नव्हते बसले! दुपारपर्यंत तीस चुलींच्या एकोणपन्नास झाल्या. आणि त्याच दुपारी मावशी आल्या. रांगेत नाही उभ्या राहिल्या, बाजूला थांबल्या. मी विचारलं, पाणी किती उरलंय? त्यांनी जमिनीपासून वीतभर हात धरून दाखवला. "उद्या दुपारपर्यंत पुरेल गं. पुढे बघू."

पुढे काय बघू? टँकर शुक्रवारी!

मी तो एकतिसावा जार उचलला. सरळ म्हटलं, "हा बाळाला." झालं! रांगेतून आवाज आला, "का? एका चुलीला एक ना?" कोण? ठेकेदार! घरात अजून सात जार तिप्पट भावाच्या आशेवर बसवलेले आणि हा रांगेत! का ते कळलं ना? इथला शेवटचा जार संपला की गावात पाणी फक्त त्याच्याकडे. "नियम तुमचाच, वहिनी. त्यांचा एक झाला. बाळाची चूल वेगळी आहे का? पाच दिवसांचं पोर स्वयंपाक करतं का?" आणि हसला. आणि दोघंतिघं हसले. आणि मग सगळेच बोलायला लागले. बाळाला सूट, मग आमच्या बाबांना का नाही, त्यांना डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. मग आमच्या हिला का नाही? एकाला सोडलं की तीस सुटणार, हे मला दिसत होतं. दारावर मीच लिहिलेलं. माझंच अक्षर, आणि तेही वळणदार.

आमचे हे कानाशी पुटपुटले, "त्याच्याकडून एक घेऊन टाकू का बाळासाठी? तिप्पट तर तिप्पट."

मी म्हटलं, "आज आपण तिप्पट दिले की उद्यापासून तोच भाव. मग गल्लीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

तेव्हा मी कंबर कसली. म्हटलं, ठीक आहे, नियम म्हणजे नियम. ज्याची दुसरी चूल खरी, त्याला हा जार. उद्या सकाळी मी स्वतः येऊन बघणार. चूल दाखवा, जार घ्या! मनात म्हटलं, सगळ्यांच्या खोट्या ठरवते, मग कुणाला तोंड राहणार नाही आणि जार जाईल वर.

बुधवारी सकाळी निघाले. मी पुढे, मागे अख्खी गल्ली, सर्वांत मागे ठेकेदार. खरी चूल ओळखायची कशी, सांगू? शेगडी कुणीही मांडतो. काडेपेटी ठेवतो, पातेलं ठेवतो. मी एकच विचारायचे: "मीठ कुठाय?" जिथे रोज शिजतं, तिथे हाताशी मीठ असतंच. देखावा मांडणारा सगळं मांडतो, मीठ विसरतो!

भावांच्या घरी स्वयंपाकघराच्या मधोमध खडूची रेघ. धाकटी रेघेच्या पलीकडे कांदा परतत होती. "मीठ कुठाय?" तिने सवयीने हात रेघेच्या अलीकडे घातला. खोटी! आजोबांनी न्हाणीघरात स्टोव्ह मांडलेला, त्याच्यावर रिकामं भांडं, बाजूला टॉवेल. "मीठ?" आजोबा म्हणाले, "हिला विचारतो." खोटी! कारकुनाने तर तीच शेगडी खिडकीतल्या खिडकीत सरकवून दोनदा दाखवली. एकेक करत एकोणीसच्या एकोणीस खोट्या. भावोजी सगळं वहीत उतरवून घेतायत, "विलक्षण, वहिनी, हे कुठल्याच पुस्तकात नाही!"

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. म्हटलं, "झालं? आणखी कुणी?"

मागून आवाज आला, "मी."

वळून बघते तर सासूबाई.

माझ्या सासूबाई! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या. "माझी चूल वेगळी आहे."

तुम्हाला काय सांगू! पायाखालची पायरी सरकली. अख्ख्या गल्लीसमोर! मी हळूच म्हटलं, "आई, काय बोलताय? आपण एकाच ताटात…" त्या म्हणाल्या, "नियम तुझाच ना? मग येऊन बघ." ठेकेदाराचा चेहरा असा उजळला. "बघा, बघा, आता घरच्यांनाच देणार!"

आता नाही म्हणायची सोय होती का? एकोणीस घरांत घुसून मीठ शोधणारी मी, स्वतःच्या घरात शिरू नको? गेले. मागून सगळे. त्यांच्या खोलीत, पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेमागे पडदा, पडद्यामागे… एका बर्नरची छोटी शेगडी. गरम! भिंतीवर काजळीचा डाग, जुना, पुसूनही न गेलेला. मी विचारलं, "मीठ?"

त्यांनी गुडघेदुखीच्या मलमाची बरणी पुढे केली. उघडली. शिगोशीग मीठ.

"किती वर्षं, आई?"

"अकरा."

अकरा! ह्यांचा रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, मी म्हटलं एकाला कशाला, सगळ्यांनाच चांगलं. तेव्हापासून आमच्या घरात मीठ म्हणजे नावाला. कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही हो! मला वाटायचं, किती समजूतदार घर आहे माझं! आणि शेगडीशेजारी ताटल्या किती होत्या, माहीत आहे? दोन! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

तीस-चाळीस माणसं टाचा उंचावून बघतायत. काय करणार होते मी? चूल खरी होती. गल्लीतली एकमेव खरी दुसरी चूल! जार उचलला आणि सासूबाईंपुढे ठेवला. म्हटलं, "तुमच्या चुलीचा."

त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हा वर बाळाकडे न्या."

ठेकेदार पुढे आला, "असं कसं, आजी? नियमात…"

"माझ्या चुलीचा जार आहे. त्याचा चहा करीन, नाहीतर बाळाला पाजीन, तू कोण विचारणार? वर्षानुवर्षं ह्याच दुकानाचं मीठ नेतोस. खाल्ल्या मिठाला तरी जाग मेल्या!"

गल्ली हसली. पण वेगळं हसली. आणि ज्या भावांनी खडूची रेघ मारली होती ना, त्यांनीच तो जार दोन बाजूंनी उचलला आणि एक थेंब न सांडता वर नेला. माझे डोळे भरून आले, पण म्हटलं आत्ता नको, पाणी जपून वापरायचंय.

बाळ ठणठणीत आहे, काळजी करू नका. शुक्रवारी टँकर आला, पुढच्या आठवड्यात लोखंडी पूल टाकला, नळी जोडली. आणि एका दुपारी ठेकेदार हातगाडी घेऊन दाराशी. सात जार. कुणी तिप्पट सोडा, फुकट विचारेना. "वहिनी, निम्म्याने घ्या." मी पूर्ण छापील किंमत त्याच्या हातावर ठेवली. आमचे हे कळवळले, "अगं, तो निम्म्याने देतोय!" मी म्हटलं, टंचाईत चढवला नाही तो भाव, आता नळ वाहतोय म्हणून पाडू कशाला? भाव तोच! ठेकेदाराने पैसे दोनदा मोजले. निम्मे दिले असते तर पचले असते त्याला. पूर्ण काही पचले नाहीत.

आता घरं फोडल्याचं म्हणाल, तर भावांच्या बायकांनी खरोखरच दुसरी शेगडी आणली. म्हणतात, दोन दिवस रेघेने किती शांतता होती! आजोबा स्वतःचा चहा स्वतः करतात, आजी सांगतात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा गरम प्यायले. ही झाली दोन. तिसरं घर कुठलं, ते विचारू नका.

विचारलंतच? मग सांगते. सासूबाईंची शेगडी आता पडद्याबाहेर आली. उघड-उघड! रोज सात वाजता त्या खोलीतून वास सुटतो, हे "आलोच हं" म्हणून उठतात, भावोजी परत जायचं नाव काढत नाहीत, आणि मी एकटी माझ्या पातेल्यासमोर. आठ दिवस काढले, निश्चयाने काढले. नवव्या दिवशी ताटली घेतली आणि जाऊन दारात उभी राहिले. हे थोडे सरकले. सासूबाईंनी वाढलं. जेवले… आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू, दोनदा मागून घेतलं.

उठले, तर म्हणतात कशा, "अगं, इथला भाव माहीत आहे ना? आपापलं ताट आपण घासायचं. आणि जेवायला आलेल्याने भांडीही. सगळ्यांना तोच, घरच्यांना सूट नाही."

घासते हो! रोज घासते, ह्यांचं आणि भावोजींचंसुद्धा. नळाला पाणी आलंय, सबब तरी काय सांगू?